सासूचा दोर

गारपीट झाली की बाकीचं गाव कपाळाला हात लावतं आणि आमच्या छपरं घालणाऱ्या लोकांची सुगी सुरू होते. नेब्रास्कातल्या हार्मन गावावर त्या मे महिन्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या. कोवळा मका चिखलात गेला, गाड्यांच्या काचा फुटल्या आणि गावात एक छप्पर धड राहिलं नाही. विमावाले शिड्या घेऊन घरोघर फिरून गेले, आणि त्यांच्या मागोमाग छपरं उकलणाऱ्या टोळ्या आल्या. एवारिस्तोच्या टोळीला कुठून यायचं नव्हतं. ती गावातलीच होती.

एवारिस्तो साकातेकासकडचा, मेक्सिकोच्या कोरड्या उत्तरेतला. पन्नाशीला टेकलेला. अर्धं आयुष्य छपरांच्या उतारावर गेलं होतं आणि ते सगळं गुडघ्यांत जमा झालं होतं. सकाळी घराच्या तीन पायऱ्या उतरताना तो कठडा धरायचा, पण शिडीला हात लागला की माणूस बदलायचा. टोळीतली माणसं त्याला मिस्त्री म्हणायची, ठेकेदार वेंडेलसुद्धा काम सांगताना त्याच्याचकडे तोंड करायचा. या मानावर एवारिस्तो जगत होता असं म्हटलं तरी चालेल.

कायदा असा, की छपरावर चढणाऱ्याने अंगाला पट्टे आवळायचे, पट्ट्याला दोर, आणि दोर वर आढ्यावर ठोकलेल्या लोखंडी कडीत अडकवायचा. कडीखालच्या पट्टीला भोकांच्या दोन ओळी असतात. सगळी भोकं खिळ्यांनी भरायची, आणि ते खिळे नुसत्या प्लायवूडमध्ये नाही, खालच्या वाशात उतरले पाहिजेत. पण वासा शोधायला वेळ लागतो. दोर पायात येतो. काम झाल्यावर कडी उपटायची म्हणजे अंगमेहनत. म्हणून एवारिस्तो कडीला दोन खिळे मारायचा, त्यातून दोर लोंबता सोडायचा आणि कामाला लागायचा. रस्त्यावरून बघणाऱ्याला कडीही दिसायची आणि दोरही. सगळ्याच टोळ्या असंच करत, त्यामुळे यात कोणाला काही वाटत नसे.

त्या दोराचं नाव चेमाने ठेवलं होतं. सासू. तिचा मान ठेवायचा, चारचौघांत तिला धरून चालायचं, पण भार म्हणून तिच्यावर टाकायचा नाही. टोळीत नवा आलेला माणूस पहिल्याच दिवशी हा विनोद ऐकायचा, हसायचा आणि त्यातूनच त्याला काय ते कळायचं. वेगळं कोणी काही सांगत नसे.

चेमा हा एवारिस्तोचा कोंपाद्रे, त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो एका कोठाराच्या छपरावरून खाली आला आणि त्याचा खुबा मोडला. वेंडेलनेच त्याला दवाखान्यात नेलं, आणि वाटेत गाडीत नीट पढवलं, की घरी शिडीवर चढून बल्ब बदलत होतो, पाय घसरला. चेमाने तसंच सांगितलं. आता त्याला वर चढता येत नसे, म्हणून वेंडेलने त्याला रस्त्याच्या कोपऱ्यावर घडीच्या खुर्चीत बसवलं होतं. सरकारी तपासणीची पांढरी गाडी दिसली की शिट्टी मारायची. पडलेल्या माणसाला ही राखण मिळाली होती, आणि त्याबद्दल तो वेंडेलला दुवा द्यायचा.

फिलेमोन आला तो जूनमध्ये. एवारिस्तोची बायको ओदिलिया दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातली, आणि फिलेमोन तिच्याच गावचा, तिच्या शेजारच्या घरातला. तिशीतला, बुटका, रुंद खांद्यांचा. तो आधी कॅलिफोर्नियात छपरांचंच काम करत होता. तिथलं काम आटपलं आणि इथल्या गारांची बातमी लागली. एवारिस्तोची मुलगी लग्न होऊन ओमाहाला गेली होती, तिची खोली रिकामी होती. ओदिलियाने विचारलं, तेव्हा एवारिस्तोच म्हणाला, "येऊ दे की. कामाचा माणूस हवाच आहे."

पहिल्या दिवशी फिलेमोन टोळीबरोबर आला तेव्हा चेमा दवाखान्यात गेला होता. सासूचा विनोद करणारं कोपऱ्यावर कोणी नव्हतं. तसंही डोंगरातल्या भाषेत वाढलेल्या फिलेमोनला स्पॅनिश कामापुरती येई. थट्टा त्याच्या डोक्यावरून जाई.

आमची माणसं उतारावर काम करतात ती जुन्या सोफ्यातून फाडून काढलेल्या स्पंजावर बसून. स्पंज घसरत नाही. एक गुडघा त्यात रुतवायचा, दुसरा पाय खाली रोवायचा, डावा हात डांबरी कौलावर टेकलेला आणि उजव्या हातात खिळ्यांची गन. फिलेमोनने स्पंज घेतलाच नाही. त्याने पट्टे आवळले, दोर कडीत अडकवला, दोर हाताने आखूड करून घेतला, वळचणीपर्यंत खाली गेला आणि सरळ मागे रेलून बसला. हवेत. पाठीमागे दोन मजले मोकळे आणि हा खुर्चीत बसावं तसा दोरावर बसलेला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. एका हाताने कौल मांडायचा, दुसऱ्या हाताने ठोकायचा. इतरांची एक ओळ होईस्तोवर त्याच्या दोन झाल्या.

एवारिस्तो आढ्यावर होता. कडी त्याच्या पायाशीच होती आणि त्यातले दोन खिळे त्याला दिसत होते. त्याने ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पलीकडून रोके म्हणाला, "बघताय ना मिस्त्री? या गतीने हा तुम्हाला महिन्याभरात घरी बसवणार."

सगळे हसले. एवारिस्तोने तोंड मिटलं. दुपारी जेवताना सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं. दुपारी फिलेमोनने आपल्या डब्यातलं काढून सगळ्यांना वाटलं. काळा घेवडा होता, आंबूस वासाचं चीज होतं आणि ताटाएवढी कडक मक्याची भाकरी. ती भाकरी ओदिलियाने पहाटे उठून भाजली होती. एवारिस्तोच्या डब्यात नेहमीसारखी मैद्याची पोळी होती.

"वहिनींचा हात झकास आहे मिस्त्री," रोके म्हणाला. "हे आम्हाला इतकी वर्षं कुठे दाखवलं नाहीत?"

एवारिस्तोनेही इतकी वर्षं ते पाहिलं नव्हतं. लग्न झाल्यावर त्याने एकदा म्हटलं होतं की ती कडक भाकरी माझ्या दाताला लागते, तेव्हापासून ती केली गेली नव्हती. त्या दुपारी त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी वेगळंच व्हायला लागलं. ओदिलिया मांस कापायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहायची. आली की तिची बोटं सुजलेली असत आणि ती कोमट पाण्यात हात घालून गप्प बसे. आता ती पाण्यात हात घालून बोलायला लागली. त्यांच्या डोंगरातल्या भाषेत, जिचं एवारिस्तोला एक अक्षर येत नव्हतं. फिलेमोन टेबलाशी बसून उत्तरं द्यायचा. मध्येच ती हसायची. असं हसणं एवारिस्तोने तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्याला आठवेना.

"काय झालं?" तो विचारायचा.

"काही नाही. आमच्या गावच्या एका गाढवाची गोष्ट."

"मग सांग की."

ती सांगायची. स्पॅनिशमध्ये आल्यावर त्या गोष्टीत हसण्यासारखं काही उरत नसे.

फिलेमोन तिला एका शब्दाने हाक मारी. एवारिस्तोने तो शब्द पकडून ठेवला आणि एकदा तिला विचारला.

"बहीण," ती म्हणाली. "पुरुषाने बहिणीला म्हणायचा आमच्यात वेगळा शब्द आहे. बाई बहिणीला म्हणते तो वेगळा."

"आणि सख्खी बहीण नसली तर?"

"तरी तोच." तिने पाण्यातून हात काढले आणि त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणायचंय तुला?"

"कुठे काय. विचारलं."

मत्सराला पुरावा लागत नाही, आणि एवारिस्तोजवळ नव्हताही. फिलेमोन ताट स्वतः धुवायचा, बाथरूम पुसून बाहेर यायचा, नऊला दार लावून झोपायचा. यातलं काहीही वाईट असतं तर एवारिस्तोला बरं वाटलं असतं. रोज सकाळी गाडीत तो ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज छपरावर कडीला दोन खिळे मारायचा. तिसरा मारला असता तर टोळीने विचारलं असतं, आज सासूचे लाड का.

सरळ ओढ असली तर दोन खिळे बराच काळ दम धरतात. हे एवारिस्तोला माहीत होतं, आणि तो त्यावर स्वतःची समजूत घालत होता. झटका बसला की संपलं, हेही त्याला माहीत होतं.

जूनच्या शेवटी वेंडेल साइटवर आला. लाल मानेचा, पोट सुटलेला, बोलताना खिशातली किल्ली वाजवणारा माणूस. तो बराच वेळ खाली उभा राहून वर बघत होता. फिलेमोन दोरावर रेलून गाणं गुणगुणत होता आणि कौलांच्या ओळी सरळ वर चढत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून चेमाची शिट्टी आली. सगळे स्पंजावरून उठून दोरांकडे धावले, पट्टे अडकवले आणि आढ्याखाली शहाण्यासारखे ओळीने उभे राहिले. पांढरी गाडी जवळ आली, हळू झाली आणि पुढे गेली. ती गुरांच्या डॉक्टरीणबाईंची होती.

"चेमा, डोळे तपास रे," रोके वरून म्हणाला.

"माझे डोळे ठीक आहेत. या गावात पांढऱ्या गाड्या फार झाल्यात."

फिलेमोन जागचा हलला नव्हता, कारण त्याला हलायचं कारणच नव्हतं. हे लोक शिट्टी झाली की एकदम दोर का बांधतात, हे त्याला कोडं होतं. त्याने एवारिस्तोला विचारलं, "मिस्त्री, यांना गरम होतं का पट्ट्यांत? मधूनमधून सोडतात ते?"

"हो," एवारिस्तो म्हणाला. "गरम होतं."

जाताना वेंडेलने एवारिस्तोच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरी टोळी करायचा त्याचा विचार होता. नवी गाडी, नवा मुकादम. "तो तुझा बुटका चांगला आहे," तो म्हणाला. "त्यालाच देऊन टाकू म्हणतो. तुझे गुडघे आता किती दिवस चालणार? तू पहिली टोळी सांभाळ, मोठी कामं त्याच्याकडे. काय?"

एवारिस्तो म्हणाला, "जसं तुम्हाला वाटेल तसं." मग तो शिडीने वर गेला. तो बुटका वेगाने काम करतो ते कशाच्या जोरावर, हे वेंडेलने विचारलं नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं. माझ्या खोट्या कडीवर बसून माझीच जागा घेतो, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढचं जे आलं ते त्याने मनातच दाबलं.

त्या संध्याकाळी काम आवरताना तो कडी काढायला गेला. हातोडीच्या मागच्या बाजूने खिळा उपटायला वाकला, तर एक खिळा आधीच अर्धा वर आला होता. त्याने तो दोन बोटांनी धरला आणि तो हातात आला. दिवसभर फिलेमोन एका खिळ्यावर बसला होता. एवारिस्तोने मागे पाहिलं. फिलेमोन खाली कचरा भरत होता, कौलांच्या धुळीने तोंड काळं झालेलं, आणि रोकेच्या कुठल्यातरी बोलण्यावर न समजता हसत होता. एवारिस्तोने खिळा खिशात टाकला.

चेमा खुर्ची घडी करून गाडीशी आला होता. त्याने एवारिस्तोचा हात खिशात जाताना पाहिला.

"त्याला सांगितलंस?" चेमाने विचारलं.

"काय?"

"एवारिस्तो, माझ्याशी नको. मी तिथे खुर्चीत बसून दिवसभर काय बघतो? तो सासूच्या मांडीवर बसतो रोज."

"तू सांग मग."

"मी सांगू?" चेमाने काठी दुसऱ्या हातात घेतली. "कडी कोणाची? कडी मिस्त्रीची. मी सांगितलं तर तू मिस्त्री कसला राहिलास? उद्या सांगून टाक."

"सांगतो."

"मला कोणी झेललं नाही, कोंपाद्रे. तेव्हाही तू आढ्यावरच होतास."

एवारिस्तोने गाडी सुरू केली. चेमा मागे बसला आणि वाटभर खुबा चोळत राहिला.

रात्रीच्या जेवणाला ओदिलियाने पुन्हा काळा घेवडा केला होता. फिलेमोन कॅलिफोर्नियातल्या आपल्या मिस्त्रीच्या गोष्टी सांगत होता, एवारिस्तोला कळावं म्हणून अडखळत स्पॅनिशमध्ये. "आमच्यात मिस्त्रीने ठोकलेली कडी दुसऱ्याने हलवून बघायची नाही. बघितली तर त्याला शिवी दिल्यासारखं. एकाने बघितली होती. मिस्त्रीने त्याला खाली उतरवलं, म्हणाला, माझ्यावर विश्वास नाही त्याने माझ्या छपरावर यायचं नाही." तो एवारिस्तोकडे बघून मान लववून हसला. एवारिस्तो पाणी प्यायला.

फिलेमोन झोपायला गेल्यावर ओदिलियाने भांडी घासायला घेतली. एवारिस्तोला बोलायचं नव्हतं, पण मुकादमकीचं ते पोटात सलत होतं आणि बायकोसमोर त्या माणसाला खाली ओढावंसं वाटत होतं. तो हसत म्हणाला, "तुझा भाऊ साधा आहे गं. खुळा म्हटलं तरी चालेल. सासूवर भार टाकून बसतो."

"कोणाच्या सासूवर?"

मग त्याने तिला सगळा विनोद समजावून सांगितला. कडी, दोन खिळे, पांढरी गाडी. सांगताना तो मध्येमध्ये हसला. ओदिलिया हसली नाही. तिचे हात साबणाच्या पाण्यात थांबले.

"आणि त्याला हे माहीत नाही."

"सगळ्यांना माहीत असतं."

"त्याला माहीत नाही," ती म्हणाली. "कारखान्यात मला लोखंडी जाळीचा हातमोजा देतात. मी त्यात हात घालते आणि सुरी चालवते. कोणी त्यातली जाळी उसवून ठेवली आणि मला सांगितलंच नाही, तर?"

"मी कुठे काय उसवलंय? मी सगळ्यांना करतो तसंच केलं."

"सगळे त्यावर बसत नाहीत."

"उद्या सांगतो म्हटलं ना."

"उद्या मी विचारीन," ती म्हणाली आणि नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी टोळी चर्चशेजारच्या पाद्रीबाबांच्या घरावर चढली. हार्मनमधलं सगळ्यात उभट छप्पर. अर्धं त्या दिवशी, अर्धं दुसऱ्या दिवशी. एवारिस्तोने सकाळी खिशातला तो वाकडा खिळा चाचपला आणि कडीला दोन नवे खिळे मारले. फिलेमोन आला. "शुभ दिवस, मिस्त्री," म्हणाला. दोर अडकवला. एवारिस्तो म्हणाला, "ऐक." फिलेमोन थांबला, तोंड वर करून. त्या तोंडावर एवढा भरवसा होता की एवारिस्तोला त्याचा राग आला. या माणसाला कुठेच भीती कशी वाटत नाही, ना दोन मजल्यांवर, ना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात?

"वळचणीची पट्टी सरळ घे," एवारिस्तो म्हणाला.

"घेतो की."

तो खाली गेला आणि रेलला. एवारिस्तोने दिवसभर कडीकडे पाठ करून काम केलं. दोर ताणल्याचा बारीक आवाज मात्र त्याला सारखा ऐकू येत होता. संध्याकाळ झाली आणि फिलेमोन धडधाकट खाली उतरला.

जेवायला तिघं बसले. ओदिलियाने वाढलं आणि उभ्यानेच विचारलं, "सांगितलंस?"

"वेळ मिळाला नाही," एवारिस्तो म्हणाला. "पाद्रीबाबांचं छप्पर आहे. उभट. श्वास घ्यायला फुरसत नव्हती."

ती खुर्ची ओढून बसली, फिलेमोनकडे वळली आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. घाईने नाही, आवाज न चढवता. मीठ दे म्हणावं तशी. एवारिस्तोला एक शब्द कळत नव्हता. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. त्या न कळणाऱ्या शब्दांच्या मधोमध एकच शब्द स्पॅनिशमधला आला, कारण त्याला त्यांच्या भाषेत तसा अर्थ नव्हता. सासू.

फिलेमोनचं चघळणं थांबलं. त्याने एवारिस्तोकडे पाहिलं नाही. ताटाकडे पाहिलं. मग त्याने एक शब्द विचारला. ओदिलियाने एका शब्दात उत्तर दिलं. फिलेमोनने तोंडातला घास गिळला, उठला, ताट धुतलं आणि खोलीत गेला.

"माझ्या घरात," एवारिस्तो म्हणाला, "माझ्या टेबलावर, माझ्या तोंडासमोर."

"तुझ्या मागे सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास, ते मला माहीत आहे," ओदिलिया म्हणाली.

त्याला झोप आली नाही. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा मोठं असं दुसरंच काहीतरी होतं. एका माणसासाठी तिने आपल्याला उघडं पाडलं, हे. अंधारात पडल्या पडल्या त्याने एक गोष्ट ठरवली. तिने जे सांगितलं ते खोटं पाडायचं. उद्या कडी अशी ठोकायची की बैल लटकवला तरी हलणार नाही. मग फिलेमोनला कळेल की ओदिलियाला छपरातलं काही कळत नाही, आणि ओदिलियाला कळेल की आपला नवरा मिस्त्री आहे. तो चांगलं काम करायला निघाला होता आणि कारण असं वाईट होतं.

उजाडायच्या आत तो एकटा पाद्रीबाबांच्या घरी गेला. छप्पर दवाने निसरडं होतं. आढ्यावर गुडघ्यांवर सरकत सरकत त्याने हातोडीच्या बोथट बाजूने प्लायवूड ठोकून बघितलं. पोकळ, पोकळ, पोकळ, मग भरीव. वासा. इतकी वर्षं त्याने कडीसाठी वासा शोधला नव्हता, आणि सापडल्यावर त्याला चोरट्यासारखं वाटलं. लांब खिळे हाताने ठोकत त्याने सगळी भोकं भरली. मग त्यात दोर अडकवून तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला. खाली पाद्रीणबाई गाऊनमध्ये बाहेर आल्या, वर बघितलं आणि परत आत गेल्या.

टोळी आली. फिलेमोन वर आला. "शुभ दिवस, मिस्त्री." तेच शब्द, तोच आवाज. त्याने पट्टे आवळले, दोर कडीत अडकवला, पण कडीकडे नजर टाकली नाही. मिस्त्रीची कडी चाचपायची नाही, ते त्याने आजही पाळलं. मग त्याने रोकेकडून एक स्पंज मागून घेतला, त्यावर गुडघा रुतवला, डावा हात कौलावर टेकला आणि एका हाताने काम सुरू केलं. दोर त्याच्या मागे ढिला पडून होता.

रोकेने बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

एवारिस्तो वरून म्हणाला, "फिलेमोन. आज कडी पक्की आहे. बस."

"बरं, मिस्त्री," फिलेमोन म्हणाला आणि स्पंजावरच राहिला.

"सगळे खिळे मारलेत. वाशात. ये, बघ येऊन."

"बघायचं कशाला, मिस्त्री. तुम्ही म्हणताय ना." तो अदबीने हसला. पण कालपर्यंतचं ते हसणं नव्हतं. त्याचा गुडघा स्पंजात घट्ट रुतलेला होता आणि तो खाली बघत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला उंची दिसत होती.

मग एवारिस्तोने काय केलं ते टोळी अजून सांगते. त्याने गाडीतून आपले पट्टे मागवले. आतापर्यंत शिट्टी झाली की तो ते नुसते खांद्यावर टाकायचा, त्यामुळे ते इतके नवे होते की बक्कल लावायला रोकेला मदत करावी लागली. त्याने फिलेमोनचा दोर कडीतून सोडवला, आपला अडकवला आणि बसत बसत वळचणीपर्यंत खाली आला, फिलेमोनच्या शेजारी. पाठ मोकळ्या हवेकडे केली. अर्धं आयुष्य या उतारांवर काढलेला माणूस, दोराला पाठ द्यायला त्याला जमेना. "सोड की मिस्त्री," खालून चेमा म्हणाला. तो काठी टेकत अंगणात आला होता. "सासूच आहे. खाणार नाही."

एवारिस्तोने अंग सोडलं.

दोर ताणला, कडी कुरकुरली आणि तो हवेत बसला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. गुडघ्यांवर काहीही ओझं नव्हतं. गुडघ्यांत कायम असणारी ती कळ अचानक थांबली, आणि ती थांबल्यावरच त्याला कळलं की ती किती वर्षं होती. तो तसाच लटकून राहिला. विलक्षण हेवा वाटला त्याला, आतापर्यंत वाटला होता त्याहून जास्त. हा बुटका इतके दिवस असा बसत होता. एवढ्या सुखात.

"बघ," तो फिलेमोनला म्हणाला. "बघितलंस?"

"बघितलं, मिस्त्री."

"मग ये. मी उठतो, तू बस."

फिलेमोनने गन खाली ठेवली. "तुम्ही बसा," तो म्हणाला. "मला आता जमायचं नाही."

दुपारी वेंडेल आला. एवारिस्तो दोरावर रेलून दोन्ही हातांनी ओळी चढवत होता आणि फिलेमोन स्पंजावर, इतरांच्याही मागे पडलेला. वेंडेल किल्ली वाजवत हसला. "म्हाताऱ्यात अजून दम आहे तर," तो म्हणाला. "आणि तुझ्या त्या पोऱ्याला काय झालं? घाबरला?" एवारिस्तोने पुढचं कौल ठोकलं. संध्याकाळी वेंडेलने नव्या गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मोठी कामं, दुसरी टोळी, सगळं.

त्या रात्री टेबलाशी तिघं बसले. फिलेमोन आणि ओदिलिया स्पॅनिशमध्ये बोलत होते, प्रत्येक शब्द एवारिस्तोला कळेल असा. उद्या ऊन असेल. कारखान्यात कोणीतरी सुट्टीवर गेलं. फिलेमोन म्हणाला की शनिवारी तो कॅन्ससला जाईल, तिथे त्याच्या ओळखीच्या माणसाचं गोदामात काम आहे, खाली जमिनीवरचं. त्याने तिला आज त्या शब्दाने हाक मारली नाही. वहिनी म्हणाला. कोणी हसलं नाही. मग त्याने ताट धुतलं आणि खोलीत गेला.

एवारिस्तोने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली होती, तिला दिसेल अशी. तिने ती बाजूला सारून टेबल पुसलं.

"मी कडी ठोकली," तो म्हणाला. "सगळी भोकं भरली. वाशात. मी स्वतः लटकलो त्याच्यावर. विचार चेमाला."

ओदिलियाने फडकं पिळलं.

"आज ठोकलीस," ती म्हणाली, आणि दिवा मालवून हात सुकवायला बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली.